फक्कीची रेघ

पहाटेच्या धुक्यात वच्छला पाण्याची किटली घेऊन स्टेशनासमोरच्या आपल्या चहाच्या टपरीकडे निघाली, आणि टपरीपाशी आल्यावर तिच्या पायाखाली जमीनच नव्हती.

काल होती. काल सकाळी तिनं तिथंच सडा टाकून रांगोळी काढली होती. आता तिथं कंबरभर खड्डा होता. वच्छला त्यात घसरली आणि किटलीतलं सगळं पाणी खड्ड्यात टेप धरून उभ्या असलेल्या एका तरुणाच्या डोक्यावर गेलं.

“अवो! दिसत नाई काय?”

“मले? काल इथं जमीन होती!”

त्याच्या केसांतून पाणी निथळत होतं. रागवावं की माफी मागावी, हे त्याचं ठरेना.

“इथं मोजणीची, चुन्याच्या फक्कीची रेघ होती,” तो अडखळत म्हणाला. “मजुरायले सांगतलं होतं, रातीच पांढरं दिसन तिथं खोदा...”

“ते माही रांगोळी होती!”

त्यानं खड्ड्याच्या कडांकडे पाहिलं. कडा गोल गोल वळल्या होत्या.

“तरीच... मी म्हनलं, जिना असा कमळावानी काहून होऊन राह्यला.”

वच्छलाला हसू येणार होतं. पण ते ओठांवरच थांबलं.

“जिना? कायचा जिना?”

पंचाहत्तरचा हिवाळा होता. जुनं दगडी स्टेशन नवं व्हायचं होतं. रुळांपलीकडे दुसरा फलाट, आणि तिकडे जायला रुळांखालून भुयार. उकंडराव हमालानं तर गावभर सांगितलं होतं की, गाडीच जमिनीत शिरणार आणि आसेगावला वर निघणार. अर्ध्या गावाला ते खरं वाटलं होतं. पण भुयाराचं तोंड कुठं येणार, हे कुणीच विचारलं नव्हतं.

त्या तरुणाचं नाव देवमन. केनवडचा. मोजणीच्या कामावर नवाच लागलेला. त्यानं नकाशा उघडला, टेप ताणली आणि मध्येच थांबला. टेप सरळ चुलीवरून गेली होती.

त्या चुलीवर चंपाबाईंनी, वच्छलाच्या आईनं, नवरा गेल्यापासून चहा उकळून लेक वाढवली होती.

“रोज संध्याकाळी मी रेघ मारतो,” देवमन हळूच म्हणाला. “सकाळी नसते. मले वाटे, वाऱ्यानं जाते.”

“वारा नाई. मी. सडा टाकतो ना आमी.”

“मंग... उद्यापासून नोका टाकू.”

“टाकीन.”

खड्डा बुजवला गेला, आणि तिनं सडा टाकलाच. तो संध्याकाळी रेघ मारी, ती सकाळी सडा टाकी. “आज लवकर पुसली,” तो चहा घेताना म्हणे. “आज जाड मारली होती तुमी,” ती कप पुढे सरकवत म्हणे. कपाच्या कडेला बोटं लागत... दोघंही घाईनं दुसरीकडे पाहत. मग एका सकाळी शेणाची बादली तशीच तिच्या हातात राहिली. रेघ चुलीपाशी येऊन वाकली होती. चुलीला वळसा घालून पुढे गेली होती!

त्या दुपारी अवकाळी सर आली. दोघं टपरीच्या पत्र्याखाली उभी राहिली.

“जिना वाकते काय असा?”

“जिना नाई वाकत. माहा हात वाकतो.”

वच्छलाचे कान तापले. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

“मंगळवारी साहेब येऊन राह्यले,” तो म्हणाला. “रेघ सरळ नसली, त मले घरी पाठोतीन.”

“केनवडले?”

“केनवडले.”

तिनं मागं वळून चुलीकडे पाहिलं.

मंगळवारी देवमन धावत आला तो जागीच थिजला. चूल नव्हती. टपरी नव्हती. साफ केलेल्या जमिनीवर दोरीसारखी सरळ पांढरी रेघ होती. चंपाबाई बाजूच्या दगडावर बसून कपबशा पुसत होत्या.

“हे... काहून केलं?” त्यानं विचारलं.

“लोकं या तोंडानं भुयारात जातीन, त्या तोंडानं निघतीन,” वच्छला म्हणाली. “चहा निघाल्यावर लागते. पलीकडं चूल मांडली म्या, रातीच. टेसनच्या मोठ्या बाबूले विचारून.”

“आन् मी इतले दिवस रेघ वाकवून राह्यलो...”

“म्हनूनच त!”

तेवढ्यात साहेब आले. रेघेवरून चालत गेले, वाकले, चिमटीत पांढरं घेतलं.

“ही फक्की नाही. रांगोळी आहे. आणि शेवटी हे फूल कसलं? कुणी काढलं हे?”

“घरच्यायनं काढलं, साहेब,” देवमन बोलून गेला.

चंपाबाईंच्या हातातली बशी खाली पडली. बाजूनं चाललेल्या उकंडरावाच्या डोक्यावरची पेटी कलली.

“कोनाच्या घरच्यायनं रे देवमन?” चंपाबाईंनी विचारलं.

“माह्या... म्हंजे... अजून नाई. मावशे, मी विचारनारच होतो—”

“मले नोको विचारू. तिले विचार!”

साहेबांनी घसा साफ केला. “चहा मिळेल का इथं?”

“पलीकडं, साहेब,” चंपाबाई म्हणाल्या, आणि उठल्या मात्र नाहीत.

देवमननं मान वर केली. त्याचा चेहरा त्या पहिल्या सकाळसारखाच भिजलेला दिसत होता, आणि आज तर पाणीही नव्हतं.

“वच्छला... काई त बोला.”

वच्छलाच्या हातात रांगोळीची वाटी होती. ती खाली बसली आणि त्याच्या चिखलानं भरलेल्या बुटांभोवती तिनं एक गोल काढला.

“हे सड्यानं नाई पुसनार मी,” ती म्हणाली. “आता हालू नोका.”

गाडी आली, थांबली, शिट्टी देऊन गेलीही. देवमन हलला नाही.