काड्यांवरचा कर

फोन बंद झाला तरी रश्मी रामटेके तो कानाला धरूनच उभी होती.

"उद्याच्या बैठकीत अगरबत्तीच्या काड्यांवरचा आयात कर काढायला होकार द्या. बाप परत मिळेल. पोलिसांत गेलात तर नाही." घोगरा आवाज एवढंच बोलला होता.

रश्मी वकील. सरकारच्या वतीनं परदेशांशी व्यापाराच्या वाटाघाटी करायची. या करामुळं ज्यांचा रोजगार टिकला होता, त्या बांबूच्या काड्या करणाऱ्या बायांना भेटायला ती पोंभुर्ण्याला माहेरी आली होती. त्यांना भेटून परतली, तर वडील रामाजी घरात नव्हते. त्यांची काठी तेवढी आतल्या खोलीत खाटेला टेकलेली.

तिनं शेजारच्या गिरजाबाईंना गाठलं. "बाबाले जाताना पाह्यलं?"

"हो ना. गाडीत बसून गेले. म्हणत, पोरीनं चंद्रपूरले बोलावलं."

"गाडीत कोण होतं?"

"काच काळी होती, बाई. दिसलं नाई."

गावाभोवती वाघांचं जंगल. वर पोलिसांत न जाण्याची धमकी. तरी तिनं ठाण्यातले हवालदार कय्यूमभाई यांना मागच्या दारानं बोलावून आतल्या खोलीत बसवलं. मग चंद्रपूरला उतरलेल्या आपल्या सहायक वकिलाला, दिनेशला, फोन लावला. "बाबा नाहीसे झालेत. लगेच या."

दिनेश आला. अंगणातच तिनं त्याला मागणी सांगितली.

"होकार देऊन टाका, मॅडम. काठीही नेली नाही त्यांनी. पळून येणार कसे?"

रश्मी त्याच्याकडे वळली. "काठी घरात राहिली, हे कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. फोनवर."

"मी काठीचं नावही काढलं नाही. ती आत आहे, आणि तुम्ही उंबरठा ओलांडलेला नाही."

कय्यूमभाई बाहेर आले.

"मागणी ऐकली तेव्हाच शंका आली," रश्मी म्हणाली. "सगळा करार या काड्यांवर अडलाय, हे आपल्या लोकांपलीकडे कोणाला ठाऊक नाही. आणि त्यांतल्या फक्त तुम्हाला माहीत होतं, की मी आज घराबाहेर असेन. बाबा परक्याच्या गाडीत बसत नाहीत. माझ्या ऑफिसातला माणूस म्हटल्यावर बसले. घाईत तुम्ही त्यांना काठीही घेऊ दिली नाहीत. कोणासाठी केलंत हे?"

दिनेश पुटपुटला. "आयात करणाऱ्या कंपनीनं मोठं पद कबूल केलं होतं."

"बाबा कुठे आहेत?" तिनं विचारलं.

"राजुऱ्याच्या वाटेवर. बंद गोदामात."

कय्यूमभाईंनी गोदामाचं कुलूप फोडलं, तेव्हा रामाजी कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. "तू आली नाईस, मले वाटलं तुलेच काई झालं," म्हणत ते रडू लागले.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत संगणकाच्या पडद्यावर समोरच्या देशाची माणसं आली.

"काड्यांवरचा कर राहील," रश्मी म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा तिनं पुन्हा तेच सांगितलं.