सहाव्या गादीसाठी एक शपथ

धवळगडाच्या पूर्वेकडच्या बुरुजावर उजेड आधी येतो आणि मग सावकाश खोऱ्यात उतरतो. फाल्गुन वद्य पंचमीला तो बुरुजावर आला, तेव्हा गडाच्या पायथ्याशी चार हजार स्वार घोड्यांवर खोगिरे कसून उभे होते, आणि आपण आज कूच करणार की खोगिरे उतरवून पुन्हा भाकऱ्या भाजणार, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हते. त्याचा निर्णय वर सदरेवर व्हायचा होता, आणि सदरेवर बसणारी मंडळी अजून स्नानसंध्येत होती.

पंचदौलत म्हणजे घाटमाथ्यावरची पाच लहान राज्ये. एकेकटे राहिलो तर पातशाही फौज आपल्याला एकामागून एक गिळून टाकील, हे ओळखून तिथल्या राजांच्या पणजोबांनी करार केला होता. एकावर चाल आली तर पाचांनी धावावे. कराराबाहेरच्या मुलखात मात्र फौज नेऊ नये. नवे राज्य आत घ्यायचे तर पाचही राजांनी बेलभंडार उचलून, म्हणजे शपथेवर, संमती द्यावी. कोणत्याही राजाने आपल्या न्यायाधीशाला काढू नये, अडवू नये; तसे घडल्यास न्यायाधीशाने पाच राजांच्या मंडळापुढे फिर्याद करावी, आणि ती शाबीत झाली तर त्या राजाची गादी सभेत उलटी मांडावी, म्हणजे त्याचे मत धरू नये. आणि जो खोटा बेलभंडार उचलील, त्याची साक्ष पाचही दौलतींत पुन्हा कधी कुणी घेऊ नये.

करार करणारी माणसे भली होती, आणि भली माणसे करतात तीच चूक त्यांनी केली. पाचांतला एखादा नाठाळ निघेल, हे त्यांच्या मनातच आले नाही. धवळगडचे वृद्ध राजे मानाजीराव यांनी तीनदा सुचवून पाहिले, की पाचांऐवजी चौघांच्या संमतीने काम चालावे. परंतु ही सुधारणा करायलाही पाचांची संमती लागत असे, आणि तिन्ही वेळा करमदीच्या हैबतरावांनी मोठ्या नम्रतेने नकार दिला होता.

आता खैरदुर्गाला पातशाही फौजेचा वेढा पडला होता. खैरदुर्ग पंचदौलतीत नव्हता. सहावी गादी मिळावी म्हणून त्याचा अर्ज अकरा वर्षे दप्तरात पडून होता. कुणाचा विरोध नव्हता, फक्त कुणाला घाई नव्हती. गडावर अकराशे माणसे होती आणि दाणा चार दिवसांचा. किल्लेदाराची पत्नी अवूबाई गवत कापणारीच्या वेशात कड्यावरून उतरून धवळगडी आली होती. चार राजांनी तिला शब्द दिला. पाचव्याने, म्हणजे हैबतरावांनी, अट घातली: आपल्या न्यायाधीशाने आपल्यावर केलेली फिर्याद आधी मागे घेतली जावी. फिर्यादीची चौकशी करून त्यांची गादी उलटवावी म्हटले, तर त्याला दोन महिने लागले असते. आणि फिर्याद मागे घ्यायची तर ती फिर्यादीनेच, भर सभेत, बेलभंडार उचलून घ्यावी असा नियम होता.

हा फिर्यादी म्हणजे केसो त्रिमल, करमदीचे न्यायाधीश. भिवरा नावाच्या तेलीण विधवेची जागा हैबतरावांनी पागेसाठी घेतली, तिचा घाणा उखडून टाकला. केसोपंतांनी तिचे कागद पाहिले, जागा तिची ठरवली आणि निवाडा राजाविरुद्ध दिला. हैबतरावांनी कागद आणि निवाडा दोन्ही चुलीत घातले आणि केसोपंतांना त्यांच्याच घरात चौकी बसवून कोंडले. आठ महिने झाले होते; फिर्याद त्यांनी कोंडीतूनच अलीकडे कशीबशी मंडळाकडे धाडली होती. भिवराच्या बाजूने आता जगात एकच पुरावा उरला होता, तो म्हणजे ते कागद पाहिलेल्या केसोपंतांची साक्ष.

सभेसाठी त्यांना पालखीतून आणले होते. अवूबाई धवळगडावरच्या तळ्याच्या पायरीवर त्यांना भेटली, तेव्हा चौकीचे दोन शिपाई दहा हातांवर उभे होते.

"पंत, मी खैरदुर्गाची," ती म्हणाली. "तुमच्यापुढं पदर पसरायला आले नाही. खोटं बोला असं न्यायाधीशाला कसं म्हणू? फक्त गडावर किती माणसं आहेत ते सांगायला आले."

"अकराशे. मला कळले आहे, बाईसाहेब."

"त्यात लेकरं तीनशे."

केसोपंतांनी मान हलवली. आपल्याला दया यायला हवी, निदान राग तरी, असे त्यांच्या मनात आले. पण आठ महिन्यांच्या कोंडीत काहीतरी बधिर होऊन गेले होते आणि आत चाचपडले तरी हाताला काही लागत नव्हते. हैबतरावांचाही त्यांना संताप येईना. त्यांनी तळ्याच्या पाण्याने तोंड धुतले आणि पाणी गार आहे, एवढेच त्यांना जाणवले.

"करमदीत एक बाई आहे," ते म्हणाले. "तिचे सारे माझ्या शब्दावर आहे."

"एकच?" अवूबाईने विचारले, आणि विचारल्याबद्दल तिची तिलाच लाज वाटली. ती निघून गेली.

सदरेवर पाच गाद्या मांडल्या होत्या आणि सहावी, कोरी, भिंतीशी गुंडाळून ठेवली होती. मानाजीरावांनी केसोपंतांना पुढे बोलावले.

"न्यायाधीश, आपली फिर्याद मंडळापुढे आहे. ती चालवावी की मागे घ्यावी, हे आपण सांगावे. आपल्यावर कोणाचा दाब असल्यास तोही सांगावा. हे मंडळ आपल्या पाठीशी आहे."

हे शेवटचे वाक्य मानाजीराव मनापासून बोलले, आणि त्याचा काडीइतकाही उपयोग नव्हता, हे त्यांनाही समजत होते. ही गोष्ट सांगताना मला या भल्या म्हाताऱ्याची नेहमी कीव येते.

"आमच्या न्यायाधीशांची प्रकृती हल्ली नरम असते," हैबतराव मधाळ आवाजात म्हणाले. "त्यांना बसायला द्यावे."

केसोपंत बसले नाहीत. त्यांनी तबकातले बेलाचे पान उचलले, त्यावर चिमूटभर भंडारा घेतला, आणि बावीस वर्षे ज्या संथ स्वरात इतरांकडून शपथा वदवून घेतल्या त्याच स्वरात म्हणाले, "मी केसो त्रिमल, कुलस्वामीला स्मरून सांगतो, की मी माझे काम सोडून स्वखुशीने घरी बसलो. राजांनी माझ्यावर जुलूम केला नाही. फिर्याद मी मागे घेतो."

मग हैबतराव उठले आणि वचनाला जागून त्यांनी बेलभंडार उचलला; इतर चौघांनीही उचलला. सहावी गादी उलगडून मांडली गेली आणि अवूबाई नवऱ्याच्या वतीने तिच्या काठावर टेकली. नौबत वाजली. खाली चार हजार स्वार एकदमच हलले आणि घटकाभराने शेवटची तुकडी खिंडीपलीकडे दिसेनाशी झाली.

सभा मोडण्यापूर्वी रिवाजाप्रमाणे मानाजीरावांनी विचारले, "कोणाचे काही म्हणणे उरले आहे काय?"

"माझे आहे," केसोपंत म्हणाले.

हैबतरावांनी मान वळवली.

"आज या सदरेवर खोटा बेलभंडार उचलला गेला. तो मी उचलला. मला आठ महिने कोंडले होते आणि फिर्याद अक्षरन् अक्षर खरी होती. खैरदुर्गाला गादी मिळाली ती पाच राजांच्या शपथेवर, ती फिरत नाही. माझ्या शपथेचा न्याय मात्र व्हावा."

"पंत, गप्प राहिला असतात तर कोणाला कळले नसते," मानाजीराव हळू म्हणाले.

"सर्वांना ठाऊकच होते, महाराज. दप्तरात नव्हते, इतकेच."

हैबतराव हसले. "खोट्या शपथेच्या माणसाचे बोलणे सभेत ग्राह्य नाही, असा करार आहे. तेव्हा आमच्याविषयी यांनी आत्ता जे सांगितले, तेही ग्राह्य नाही." कराराचे कलम त्यांनी प्रथमच इतके बरोबर सांगितले होते. मानाजीरावांना निवाडा वाचावा लागला: केसो त्रिमल यांची साक्ष आजपासून सहाही दौलतींत कोणी घेऊ नये. लेखकाचा बोरू अडला, तेव्हा केसोपंतांनीच त्याला पुढचा शब्द सांगितला.

वेढा तिसऱ्या दिवशी उठला. साठ-पासष्ट स्वार पडले. गडावरचे अकराशे जीव वाचले. लोक मात्र अजूनही पंचदौलतच म्हणत राहिले, जीभ जुन्या सवयीची असते. अवूबाईने केसोपंतांना गडावर घर देऊ केले. त्यांनी ते नाकारले आणि ते धवळगडाच्या पायथ्याशी एका खोपटात राहू लागले. खैरदुर्गाकडून येणारे-जाणारे त्यांच्या पाया पडत. आपल्याला बरे वाटायला हवे, असे त्यांना दर वेळी वाटे.

वैशाखात भिवरा तेलीण करमदीहून मजल दरमजल करत चार दिवस चालून धवळगडी आली. जागेसाठी तिने मंडळापुढे दाद मागितली. मानाजीरावांनी साक्षीदार विचारला. तिला एकच नाव ठाऊक होते. लेखकाने केसोपंतांवरचा निवाडा वाचून दाखवला आणि तिला अदबीने परत पाठवले.

उतरताना ती केसोपंतांच्या अंगणात आली. त्यांनी तिला पाणी दिले. ती प्याली.

"पंत, एक विचारू? त्या दिवशी बेलभंडार उचलताना माझी याद होती का तुम्हाला?"

अकराशे माणसांचे नाव घेता आले असते. तीनशे लेकरांचेही घेता आले असते.

"होती," केसोपंत म्हणाले.

भिवराने तांब्या पालथा घातला.

"मला वाटलं, विसरला असाल," ती म्हणाली. "करमदीपासून इथवर मी तेच म्हणत आले, की आठ महिने कोंडलेला माणूस, विसरला असेल. विसरला असतात तर बरं झालं असतं."

तिने बोचके उचलले आणि ऊन चढायच्या आत खिंड गाठायची म्हणून ती लगेच निघाली. केसोपंत तिला पोहोचवायला बांधापर्यंत गेले, पण तिने मागे वळून पाहिले नाही.