चिमाजीने केलेली काठी

बसा, सांगतो. मी कांद्याचा व्यापारी माणूस, दुसऱ्याच्या मापावर माझा जन्मात विश्वास बसलेला नाही. पिंपळवंडीत माझ्या शेतात धावपट्टी आहे, पत्र्याची शेड आहे, आणि शेडमध्ये दोन माणसांचं छोटं विमान. त्यात पेट्रोल मी स्वतः कॅनने ओततो. विमानातल्या पेट्रोलच्या काट्यावर विसंबायचं नाही. टाकीत काठी बुडवायची, कुठवर ओली होते ते बघायचं. जायला-यायला लागेल ते धरायचं आणि वर अर्ध्या तासाचं जास्तीचं. वाटेत पेट्रोल संपलं तर आकाशात गाडी कडेला घेता येत नाही हो!

मागच्या मे महिन्यात जुनी मापाची काठी मोडली. राखणदार चिमाजीने सागाची काठी तासून आणली.

"लाकूड कुठलं रे?"

"आमच्या दाराच्या चौकटीचं, भाऊ. डिंभ्याला घर धरणात गेलं ना... उन्हाळ्यात पाणी उतरलं की चौकट उघडी पडती. लई चिवट लाकूड."

खुणा मात्र मी स्वतः पाडल्या, पाच-पाच लिटर ओतून. त्याला कोण पाडू देतंय!

त्या संध्याकाळी चाळीस लिटर ओतलं. सकाळी काठी घातली तर एकोणीस. मी चिमाजीकडे बघितलं, मग त्याच्या मोटरसायकलकडे.

"आईशप्पथ भाऊ, मी थेंब न्हाई काढला."

तासभर खपून सगळी टाकी कॅनमध्ये रिकामी केली. चाळीस भरलं! काठीच लबाड म्हणालो, पेट्रोल परत ओतलं आणि उडालो. तासाभरात परतणार होतो, पण घाटाकडून वारा असा अंगावर आला की दीड तास लागला. उतरल्यावर टाकी पुन्हा रिकामी केली.

एकोणीस लिटर उरलं होतं.

सकाळी काठीने टाकीतलं सांगितलं नव्हतं, परतल्यावर किती उरेल ते सांगितलं होतं. पण माझा संशय चिमाजीवरच. हा काहीतरी करतोय, एवढंच डोक्यात.

चार दिवसांनी हर्षाली पुण्याहून आली. माझी एकुलती एक लेक. अठरा पूर्ण झाले की विमानात नेईन, असा शब्द दिला होता. ओझरवरून डिंभ्याचं पाणी बघून परत, चाळीस मिनिटं, दहा लिटर. मी पुन्हा चाळीस भरलं आणि काठी घातली.

कोरडी. टोकापर्यंत कोरडी. पंख हलवला तर त्यातल्या टाकीत पेट्रोल डुचमळत होतं. काठीला पेट्रोलचा वासही नव्हता... होता तो गाळाचा.

चिमाजीचा चेहरा उतरला. "भाऊ... पोरीला नगा नेऊ."

"काय केलंस तू? खरं बोल!"

हर्षाली म्हणाली, "बाबा, काट्याला नाही, काठीला विचारायचं, असं तुम्हीच म्हणता ना? मग राहू दे आज."

खरं सांगतो, मी घाबरलो होतो. पोरीसमोर ते दाखवलं नाही, एवढंच. शेडला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. दोघांना जीपमध्ये घातलं आणि ओझरला दर्शनाला नेलं. चिमाजीला मुद्दाम नेलं, नजरेखाली राहावा म्हणून. देवळातसुद्धा मी गणपतीकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघत होतो.

चार वाजता परत आलो. कुलूप जसंच्या तसं.

आत शिरलो आणि गरम इंजिनाची धग तोंडावर आली. चाकांना ओला चिखल, मे महिन्यात! पंख हलवला. काहीच डुचमळलं नाही.

"भाऊ, मी तुमच्यासंगं व्हतो," चिमाजी कुजबुजला. "दिवसभर..."

होता. ते मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

हर्षालीने काचेतून आत बघितलं आणि माझा हात घट्ट धरला. सकाळी सीटचे पट्टे मोकळे लोंबत होते. आता दोन्ही लावलेले होते. एक माझ्या पोटाइतका सैल. दुसरा आवळून लहान केलेला, तिच्या कमरेइतका. दोन्हींतून पाणी ठिबकत होतं.

विमान विकलं. काठी चिमाजी डिंभ्याला घेऊन गेला, तो पुन्हा आला नाही. हर्षाली आता इथंच असते. जेवते, हसते. आपण त्या दिवशी ओझरला गेलो होतो ना, असं तिला रोज विचारतो. ती रोज हो म्हणते. पण तिचे केस काही वाळत नाहीत, पावणं.

आणि तुम्ही... मघाशी आलात, माझ्याशी हात मिळवलात, आणि लगेच रुमालाला पुसलात. मी बघितलं.

का पुसलात?