एकाच किटलीतल्या पाण्यानं धुतलेल्या दोन रायफली

"ताई, मालक पाच वाजता पोलीस ठाण्यात जाणार हाय. बुध्याला उचलतील वो!" बुध्याची बायको यमू दारातच रडायला लागली.

शहापुरात खासगी तपासाचं काम करणाऱ्या दिपाली फर्डेनं तिला आधी बसवलं, पाणी दिलं. दिपालीचा चुलतभाऊ आणि मदतनीस अनंता घड्याळाकडे बघून चुळबुळत होता. तीन वाजून गेले होते आणि ही बाई निवांत!

१९९८ची गोष्ट. हेमंत पाटलाच्या बंदुकीच्या दुकानात लष्करानं मोडीत काढलेल्या दोन जुन्या रायफली आल्या होत्या. मुरबाडचे निवृत्त सुभेदार भगीरथ देसले यांनी शनिवारी दोन्ही पारखल्या आणि एक पसंत केली. आज, बुधवारी, न्यायला आले तर तिची नळी आतून गंजलेली! आळ आला तो दुकान झाडणाऱ्या बुध्यावर. गरीब कातकरी, त्यात बंदुकीचा मामला. ठाण्यात त्याचं ऐकणार कोण?

दुकानात हेमंत तापलेलाच होता. "या शहाण्यानं नळीत पाणी ओतलं! वीस वर्षं बाराबोअरच्या शिकारी बंदुका विकतोय मी, तेलाशिवाय काही लावत नाही."

"कधी ओतलंस रे?" दिपालीनं विचारलं.

"शुक्रवारी," बुध्या पुटपुटला. "दोन्ही ग्रीसानं भरल्या व्हत्या. एकाच किटलीतलं उकळतं पाणी ओतलं, सुकवल्या, तेल लावलं. माझा बा शिकारीच्या सायबाकडं व्हता, त्यानं शिकवलंय. शनिवारपासून कपाटाला कुलूप. चावी मालकाकडं."

दिपालीनं त्या कपाटातली जुन्या लष्करी गोळ्यांची पेटी उचलली. सील फुटलेलं, विसाच्या जागी अठरा.

"मोजायला चुकलो असेन," हेमंत घाईनं म्हणाला.

मग ती बाकावर बसून राहिलेल्या सुभेदारांकडे वळली. "शनिवारी तुम्ही एकटेच रायफली बघत होतात?"

"व्हय, तासभर. नळ्या दोन्ही चकचकीत व्हत्या."

"या जुन्या गोळ्या झाडल्यावर नळी कशी साफ करायचात?"

"आधी उकळतं पाणी! या गोळ्यांच्या बुडाच्या टोपीतला खार नळीत बसतो, तो तेलानं जात नाय. पाणी चुकवलं की दोन दिवसांत गंज."

दिपालीनं गजाला चिंधी बांधून दोन्ही नळ्यांतून फिरवली. चांगलीतून ती नुसती तेलकट निघाली. गंजलेलीतून तांबडी आली, वर काळी काजळी.

"म्हणजे पाण्यानंच ना?" अनंता म्हणाला.

"अरे दादा, पाणी दोघींना एकच, मग गंज एकीलाच कसा? ही काजळी बघ. धुतल्यानंतर हिच्यातून गोळ्या झाडल्यात. बुध्याकडे चावी नव्हती. सुभेदारांनी झाडल्या असत्या तर आधी पाणी मागितलं असतं. चावी असलेला आणि फक्त तेलच माहीत असलेला माणूस इथे एकच आहे."

हेमंत मटकन खुर्चीत बसला. "सुभेदारांनी विचारलं होतं, हिचा धक्का कसा आहे? मी रायफल कधी चालवलीच नव्हती. सांगायची लाज वाटली. रविवारी डोळखांबच्या रानात दोन गोळ्या झाडल्या. आल्यावर तासभर तेलानं पुसली हो! खरंच वाटलं, पाण्यानंच गंजली."

"मग झाडल्याचं लपवलंत का?"

"विकायची रायफल अशी रानात झाडता येत नाही. दुकानाचा परवाना गेला असता."

"आणि याचा संसार गेला असता तो?" दिपालीचा आवाज चढला.

हेमंतनं तक्रारीचा कागद फाडला आणि बुध्यापुढे हात जोडले. यमूनं डोळे पुसले. अनंताला त्या दुकानदाराचीही कीव आली.

बुध्यानं गंजलेली नळी उजेडाकडे धरून पाहिली.

"मालक, रविवारी आल्यावर मला नुसती हाक मारली असती, तर मी तवाच पाणी तापवलं असतं."