हात सैल सोडा

जन्मात मी कशाला भ्यालेलो नाही. पाल सोडून. आणि झुरळ, उडणारं असेल तर. आणि बायको, ती गप्प बसली असेल तर. पण ती यादी आज नको, लांबेल. आज सांगायचं ते सावकाश सांगणार आहे, कारण माझी छाती आता पूर्वीसारखी माझ्या मर्जीनं चालत नाही. बोलता बोलता मी मध्येच अडकलो तर घाबरू नका. शेजारच्या खोलीत माझा मेव्हणा शिंकला असेल.

काम तसं अगदी साधं होतं. मी जन्मभर मनगटी घड्याळं दुरुस्त केली. शाळेला माझा फार लवकर कंटाळा आला, पण केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरून जागेवर बसवताना माझा हात कधी हलला नाही. आणि त्याच उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं मांस, कुणी चमच्यानं कोरून न्यावं तसं हळूहळू गेलं. चिमटा हातातून गळायला लागला. शर्टाची बटणं बायको लावून द्यायला लागली, आणि लावताना माझ्या तोंडाकडे बघेना.

मोठे डॉक्टर म्हणाले, “कोपरापाशी नस दबली असेल तर बारीकसं ऑपरेशन. हात परत मिळेल. पण नसा आतूनच मरत असतील, तर आज हात, मग पाय, आणि शेवटी श्वास. दोन्हीतलं काय ते तळघरातल्या तपासणीत कळेल.”

“म्हणजे आत्तापासूनच जमिनीखाली पाठवताय होय?” मी विचारलं.

डॉक्टर हसले नाहीत. त्या लोकांना विनोद बहुतेक जेवणानंतरच चालत असावा.

सोबतीला बायकोनं तिच्या धाकट्या भावाला दिलं. हा माझा मेव्हणा म्हणजे देवानं खास माझ्यासाठी घडवलेली वस्तू. काहीही सांगा, खरं मानतो. त्याच्या लग्नाच्या दिवशी मी त्याला सांगितलं, नवरी पळाली. पठ्ठ्या खोलीला आतून कडी लावून रडत बसला, आणि नवरी बाहेर ताटकळत उभी. एकदा सांगितलं, तुझ्या पाठीवर विंचू बसलाय, तर भर रस्त्यात सदरा काढून नाचला. दर वेळी मी त्याचा कान पिळायचो आणि म्हणायचो, “गंमत केली रे, मनाला काय लावून घेतोस?” तो म्हणायचा, “नाही दाजी.” आणि तोंड मिटून हसायचा. इतक्या वर्षांत त्याचे दात मी पाहिले नव्हते. हसताना त्याची उजवी मूठ मात्र घट्ट मिटायची. ती मी रोज बघायचो, आणि मला आणखी हसू यायचं.

जिना उतरलो. बाहेर टळटळीत दुपार होती, पण दोन वळणं घेतली आणि दुपार मागे राहिली. खाली पिवळट भिंती, छताजवळून गेलेले पाण्याचे नळ, त्यांतून कुणीतरी घोट घोट पाणी पीत असल्यासारखा आवाज. स्पिरिटचा वास, आणि त्या वासाच्या खाली आणखी एक, बंद पेटीतल्या जुन्या लोकरीसारखा. खोलीला खिडकी नव्हती. एक पलंग, एक स्टूल, आणि चाकांवर ठेवलेलं मशीन. मशीनला शेजारी लहानसा भोंगा.

तपासणारी डॉक्टरीण पोरसवदाच होती. तिच्यापुढे ताटलीत सुया मांडलेल्या पाहून मी तिचं नाव टाचणीबाई ठेवून टाकलं.

“आजोबा, आधी करंट देणार,” ती म्हणाली. “हात आपोआप उडेल. घाबरायचं नाही.”

तिनं हाताला थंडगार चिकट काहीतरी लावलं, वायरी डकवल्या आणि मनगटावर खटका दाबला. बोटं टुणकन उडाली. मुंगीनं चावावं एवढंच. पण स्टुलावर बसलेला मेव्हणा माझ्यापेक्षा उंच उडाला, आणि त्याचं ते पांढरंफटक तोंड पाहिल्यावर मला राहवेना. पुढचा खटका बसला तसा मी डोळे फिरवले, जीभ बाहेर काढली, अंग ताणून एक झटका दिला आणि पडलो. श्वाससुद्धा रोखून धरला.

“दाजी!” मेव्हण्यानं माझे पाय धरले. “दाजी, अहो उठा ना... ताईला काय सांगू मी? दाजी...” आणि तो हंबरडा फोडून रडायला लागला. त्याचं नाक माझ्या गुडघ्यावर गळत होतं.

टाचणीबाईचा हात माझ्या गळ्याशी नाडी शोधायला आला, तसा मी एक डोळा उघडला.

“भॉक!”

हसून हसून माझ्या पोटात दुखलं. टाचणीबाईनं हात झटकन मागे घेतला. “लाज वाटत नाही का हो या वयात?”

“गंमत केली हो बाई. काय मेव्हणे, मनाला लावून नाही ना घेतलंस?”

या वेळी तो “नाही दाजी” म्हणाला नाही. बाहीनं नाक पुसलं, स्टुलावर जाऊन बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. मूठ मिटली.

“आता सुई,” टाचणीबाई म्हणाली. तिचा आवाज तुटक झाला होता. “हिच्यातून स्नायूचा आवाज भोंग्यात येतो. हात सैल सोडला की भोंगा गप्प बसला पाहिजे. मी सांगेन तेव्हा जोर लावायचा, मग तडतडेल. कळलं?”

सुई अंगठ्याच्या मुळाशी शिरली. आणि भोंगा असा कडाडला, जशी पत्र्यावर गारांची सर यावी.

“हात सैल सोडा.”

“सोडलाय की.”

“आजोबा, आता पुरे झाली थट्टा. मूठ सोडा!”

मी खाली पाहिलं. माझा हात पलंगावर मूठ आवळून पडला होता. एवढी घट्ट मूठ मला वर्षभरात जमली नव्हती. आणि मी ती मिटलेलीच नव्हती.

“बाई... शपथेवर सांगतो, मी काही करत नाहीये.”

तिला ते पटलं नाही. कसं पटणार? तिनं वैतागून मान वळवली, आणि तिची नजर स्टुलाकडे गेली. तिनं मेव्हण्याच्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं, मग माझ्या. मग हलकेच म्हणाली,

“तुम्ही... तुमची मूठ जरा उघडता का?”

मेव्हण्यानं मूठ उघडली. भोंगा गप्प झाला. पलंगावर माझी बोटं एकेक करून उलगडली.

“आता मिटा.”

गारांची सर आली.

“उघडा... आजोबा, आता तुम्ही मिटा.”

मी दात खाऊन जोर लावला. कपाळाच्या शिरा तटतटल्या. भोंग्यातून काहीच येईना. कोरड्या विहिरीत कान घालावा तशी शांतता. मी मेल्याचं सोंग केलं होतं ना... माझ्या हातानं ते खरं मानलं होतं, आणि धन्याविना राहायला नको म्हणून जवळच दुसरा धनी शोधला होता.

टाचणीबाई उठली. “मी मोठ्या डॉक्टरांना आणते. सुई आत आहे, हलू नका.”

“हलतोय कुठला,” मी म्हणालो. पण हसू काही आलं नाही.

तिच्या चपला जिन्यावर वाजल्या आणि वाजेनाशा झाल्या. नळांतलं पाणी पिणंही थांबलं. मेव्हणा स्वतःच्या हाताकडे बघत होता. लहान मूल नवं खेळणं उलटसुलट करून बघतं, तसं. त्यानं हात वर उचलला. माझा उचलला गेला, वायर मागे लोंबत.

“दाजी,” तो कुजबुजला, “हे तुम्ही करताय?”

“नाही रे.”

“खरं?”

“खरंच नाही... ठेव तो खाली.”

त्यानं हात स्वतःच्या कानाजवळ नेला आणि हवेत दोन बोटं पिळली. माझ्याच बोटांनी माझा कान धरला आणि पिळला. चांगला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग थोबाडीत. पहिली हळू, अंदाज घ्यायला. दुसरी खणखणीत. प्रत्येक वेळी भोंगा कडाडायचा. आणि मेव्हणा हसला. तोंड उघडून हसला. बारीक, एकाला एक चिकटलेले दात. मोजायचे म्हटले तर फार होते ते. कुणाही माणसाला असतात त्यापेक्षा फार.

“बास, मेव्हण्या... झाली गंमत.”

“झाली?” त्यानं हात मांडीवर ठेवला. माझा पलंगावर पडला. मग त्याच्या डोक्यात काहीतरी आलं. मला ते येताना दिसलं. तो स्टूल ओढत जवळ आला, तोंड माझ्या तोंडाजवळ आणलं, आणि एक लांब, खोल श्वास घेतला.

माझी छाती फुगली. फुगतच गेली, बरगड्या करकरेपर्यंत.

त्यानं श्वास सोडला. माझाही गेला, जवळजवळ शेवटच्या थेंबापर्यंत. आणि मग तो थांबला. पुढचा घेतलाच नाही. मी तोंड वासलं, आत काही येईना. भोंगा अगदी निवांत होता. खोलीतला दिवा कडांपासून काळा व्हायला लागला. जिन्यावर अजून कुणाची चाहूल नव्हती.

“घे...” उरल्यासुरल्या हवेत मी म्हणालो. “श्वास घे रे... मेव्हण्या... मरतोय मी... खरंच...”

त्याला काही घाई नव्हती. त्याची छाती दगडासारखी स्थिर होती, नाकपुडी हलत नव्हती, आणि तरी तो बोलला, अगदी सावकाश, दम न लागता.

“काय हुबेहूब करता हो, दाजी. मघाशी फसलो मी. आता नाही फसायचा.”