कट्ट्यावरची ओल

आर्डिथ पल्सिफर फोनवर तीनच प्रश्न विचारायची. किती जण? पाणी किती? बाहेर कधी? घळईत मुक्कामाला जाणाऱ्यांना परवाने देत ती एकतीस वर्षं त्याच चौकीत बसली होती, आणि या तीन प्रश्नांची धड उत्तरं देणारा माणूस महिन्यातून एखादाच भेटायचा. मोबाईलला रेंज असते का, हा प्रश्न मात्र झाडून सगळ्यांना सुचायचा.

"रेंज नसते, पाणीही नसतं," ती म्हणायची. "दोन्हीपैकी एकाशिवाय माणूस मरतो. कुठल्या, ते घरी बसून ठरवा आणि मग या."

फोन ठेवला की चौकीत पुन्हा काही आवाज नसे. सगळ्यात जवळचं गाव नव्वद मैलांवर, त्यातला अर्धा रस्ता मातीचा. लग्न तिने केलं नव्हतं. करायचं राहून गेलं, असं ती म्हणायची, आणि पुढे कोणी विचारलंच तर त्याला पाणी किती नेणार ते विचारायची.

घळईत पाण्याचा एकच कायदा होता. लांब जाणारी माणसं आठवडाभर आधी येऊन वाटेत पाण्याचे कॅन ठेवून जात. कॅनवर नाव लिहायचं आणि उचलण्याची तारीख लिहायची. तारीख असेल तर त्या पाण्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग जीव का जाईना. तारीख नसेल तर तो टाकलेला कचरा. चौकीतल्या रेंजरने पाणी ओतून द्यायचं आणि कॅन परत आणायचा. आर्डिथची त्यातही एक लकब होती. पाणी ओतलं की झाकण घट्ट लावून ती कॅन उलटा उभा करायची, म्हणजे परतीच्या वाटेवर लांबूनच कळायचं की हा झाला. तिच्याशिवाय कोणी असं करत नसे. मारीसोल तर हसायची.

मारीसोल बेनाविदेस तिच्या हाताखाली तीन वर्षं होती. जुलैपासून परवाने कॉम्प्युटरवर निघणार होते, चौकी बंद होणार होती. मारीसोलला गावातल्या ऑफिसात टेबल मिळालं होतं. आर्डिथला निवृत्तीचा केक मिळाला होता, तोही वाटेत खड्ड्यांनी चपटा झालेला.

ओलीची गोष्ट पहिल्यांदा मार्चमध्ये आली. दोन भाऊ घळईतून बाहेर आले आणि म्हणाले, हॅरिसच्या कट्ट्यावर, म्हणजे कड्याखालच्या त्या सपाट खडकावर, वाळू ओली आहे, ताटाएवढा डाग आहे. आर्डिथ म्हणाली, बर्फ वितळला असेल. मेमध्ये हॅल्व्हर्सन नावाचे एक म्हातारे भूगर्भवाले आले. सगळी हयात दगड फोडण्यात गेलेली, बोलणं मोजून मापून.

"वरचा खडक हाडासारखा कोरडा आहे," ते म्हणाले. "झरा असायचं काही कारण नाही. तरी वाळू गार लागते."

"मग असेल काहीतरी."

"आणि कोणीतरी तिथे खणतंय, बाई. फावड्याने नाही. बोटांनी."

आर्डिथने त्यांच्या परवान्यावर शिक्का मारला. शिक्का उलटा पडला.

आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात डेन्व्हरहून एका बाईचा फोन आला. चौघीजणी, तीन रात्री. आवाजात उत्साह नुसता उतू चाललेला.

"पाणी थोडंच नेतोय," ती म्हणाली. "हॅरिसच्या कट्ट्यावर झरा आहे ना? इंटरनेटवर फोटोच टाकलाय कोणीतरी."

"झरा नाही."

"अहो, पण फोटोत..."

"झरा नाही म्हटलं ना! त्या कट्ट्यावर एक माणूस तहानेने मेलाय. तेरा वर्षं झाली. त्याने पाण्याचा बेत नीट आखला नव्हता. तुम्ही आखा."

हे ती प्रत्येकालाच सांगायची. नवख्यांना घाबरवायला याहून चांगलं उदाहरण नव्हतं. तो माणूस तिचा धाकटा भाऊ होता, एवढं मात्र ती सांगत नसे.

फोन ठेवून तिने मारीसोलला इंटरनेटवरचा तो फोटो छापून द्यायला सांगितला. कागदावर वाळू होती, काळपट गोल डाग होता आणि डागात दहा बोटांचे दहा ओरखडे. खोल होते. आर्डिथने कागद पालथा ठेवला. जागा तिला इंचाइंचाने ठाऊक होती, कारण तिथे पाणी तिनेच ओतलं होतं.

तो भाऊ, डेलमर, गुरांच्या रानात कामाला होता. रविवारी दुपारी बहिणीकडे जेवायला यायचा, भाजलेलं मांस आणि चीज घातलेले बटाटे चापून खायचा आणि भांडी न घासता पळायचा. घळई त्याला परसासारखी होती. त्या वर्षी तो पलीकडच्या बाजूने शिरून चार दिवसांनी इकडून बाहेर पडणार होता. परवाना आर्डिथनेच लिहिला. किती जण, एक. पाणी किती, "आहे गं, ठेवलंय मी वाटेत." बाहेर कधी?

"तारीख कशाला, ताई? रविवारच्या जेवणाला येतोच की."

तिने तो रकाना कोरा सोडला. घरच्या माणसाला काय तारीख विचारायची! दुसऱ्याच दिवशी गस्तीवर गेली तर हॅरिसच्या कट्ट्यावर गॅलनभर पाण्याचा कॅन दिसला. नाव नाही, तारीख नाही. कडीला गवताच्या गठ्ठ्याची निळी दोरी बांधलेली. असली दोरी अख्ख्या जिल्ह्यात प्रत्येकाच्या गाडीत असते. ऊन फार होतं, तिला परत फिरायची घाई होती. तिने पाणी वाळूत ओतलं, कॅन उलटा केला, आणि परतताना घेऊन आली.

रविवारी बटाटे गार झाले. येईल, रेंगाळला असेल. सोमवारी तेच. तारीखच नाही, तर उशीर झाला तरी कसा म्हणायचा? बुधवारी माणसं शोधायला गेली, तेव्हा तो कट्ट्यावरच सापडला, पालथा, कोपरापर्यंत हात वाळूत. अहवालात लिहिलं गेलं की मयताने पुरेसं पाणी ठेवलं नव्हतं. त्या संध्याकाळी आर्डिथ शेडमध्ये गेली आणि निळ्या दोरीची गाठ नीट बघितली. ती गाठ तिनेच त्याला सातव्या वर्षी शिकवली होती.

तिने कोणालाही सांगितलं नाही. आईलाही नाही. आई मरेपर्यंत म्हणत राहिली, "माझा डेल इतका बावळट कसा निघाला गं?" आणि आर्डिथ तिचे पाय चेपत राहिली.

शुक्रवारी मारीसोलने रजिस्टरं गाडीत भरली. दुपारी ती कायमची गावात जाणार होती. आर्डिथ काउंटरच्या बाहेरच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"मला एक परवाना दे. उद्या पहाटे जाते, एक रात्र."

"अय्या! आज गिऱ्हाईक होऊन आलात?" मारीसोलने पेन उचललं आणि आर्डिथचा आवाज काढला. "किती जण?"

"एक."

"पाणी किती?"

"सहा लिटर माझं. आणि एक गॅलन वेगळं."

"वेगळं कुणासाठी? बरं, राहू दे. बाहेर कधी?"

"लिहीत काय बसतेस, पोरी. रविवारच्या जेवणाला येतेच की."

मारीसोल हसली, तिने शिक्का मारला आणि आर्डिथला घट्ट मिठी मारली. गाडीचा धुरळा बराच वेळ दिसत होता.

शनिवारी उजाडायच्या आत आर्डिथ निघाली. पाठीवर तिच्या पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या, हातात तेरा वर्षं शेडमध्ये पडलेला तो कॅन, काठोकाठ भरलेला, निळी दोरी तशीच. नऊ मैलांची वाट. दोरीने बोटं कापली जात होती, पण हात बदलायचा नाही असं तिने ठरवलं होतं. डोंबकावळासुद्धा ओरडला नाही. दहा वाजता ती कट्ट्यावर चढली.

डाग होता. ताटाएवढा, काळपट. भोवतीची वाळू भट्टीतल्यासारखी तापलेली, आणि हा मात्र गार. तिने चिमूटभर वाळू नाकाशी नेली. पाण्याचा वास नव्हता तो. उन्हात राहिलेल्या प्लास्टिकच्या कॅनमधल्या पाण्याचा वास होता.

ओरखडे ताजे होते. कडांवरून कण अजून घरंगळत होते.

ती गुडघ्यांवर बसली. खिशातून काळं मार्कर पेन काढून तिने कॅनवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: डेलमर पल्सिफर. उचलणार, रविवार, बावीस जून. मग कॅन डागाच्या बरोबर मध्ये ठेवला.

"मी ओतलं, डेल," ती मोठ्याने म्हणाली. "तू बावळट नव्हतास. मी ओतलं. आईला सांगायचं धाडस झालं नाही मला. हे घे तुझं पाणी."

समोरच्या कड्यावरून आवाज परत यायला हवा होता. तिथे नेहमी येतो. आला नाही. तिला रडू कोसळलं, आणि ते ऐकायलाही कोणी नव्हतं.

ऊन डोक्यावर आलं. बाटल्यांचं ओझं नको म्हणून तिने त्या कट्ट्यावरच एका दगडाच्या सावलीत ठेवल्या आणि चाळीस पावलांवरच्या कपारीत जाऊन आडवी झाली. तेरा वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागली.

झोपेत तिला एक आवाज येत होता. घळघळ, मग थांबून घळघळ. अरुंद तोंडातून पाणी ओततानाचा तो ओळखीचा आवाज. तिला वाटलं, आपणच ओततोय. मनगट वळल्यासारखंही वाटलं.

जाग आली तेव्हा सगळं शांत होतं.

ती कट्ट्यावर आली.

तिच्या दोन्ही बाटल्या दगडाशेजारी उभ्या होत्या. उलट्या. झाकणं घट्ट लावलेली.

तिने एक उचलली. रिकामी. दुसरीही. त्यांच्यापुढे वाळूत नवा डाग होता, ताटाएवढा. त्यातून अजून बुडबुडे फुटत होते.

वाळूवर पावलं फक्त तिचीच होती.

बाटल्यांवर तिने नाव लिहिलं नव्हतं. तारीख लिहिली नव्हती. टाकून गेली होती, चाळीस पावलं.

कॅन होता तिथेच होता. काठोकाठ भरलेला. त्याच्याखालचा जुना डाग सुकून पांढरा पडला होता आणि ओरखडे बुजले होते, कोणी तळव्याने सारवल्यासारखे.

तिने हिशेब केला. तो तिला झोपेतही करता आला असता. नऊ मैल, सावलीतसुद्धा पारा एकशे आठ फॅरनहाइटवर, पाणी शून्य. सहा मैल जाता येईल. सातवा नाही. इथे बसून वाट बघायची तर येणार कोण? मारीसोल गावात. रकाना कोरा. 'रविवारच्या जेवणाला येतेच की.' हे आपण कुणाच्या तोंडचं बोललो, ते तिला आत्ता कळलं.

घसा कोरडा पडला होता. तिने कॅनकडे हात नेला. निळ्या दोरीला बोट लागलं.

अक्षरं समोरच होती, तिचीच. डेलमर पल्सिफर. उचलणार, रविवार.

तिने हात मागे घेतला. एकदा झालं ते झालं. परत त्याच्या पाण्याला हात लावायचा नव्हता, निदान त्याला विचारल्याशिवाय नाही.

ती कॅनशेजारी मांडी घालून बसली, सावली पडेल अशी नाही, पण त्याला येताना लांबून दिसेल अशी. घड्याळात दुपारचा एक वाजला होता. रविवार लागायला अजून अकरा तास होते.