तांग्विसचा चेहरा

सोमवारी सकाळी क्रेगव्रान किल्ल्याचा दरवाजा उघडला, तेव्हा कमानीतला तांग्विसचा दगडी चेहरा गायब होता. उरले होते हातभर भोक.

सातशे वर्षांपूर्वी इंग्रज राजाच्या वेढ्यात या बाईने सात आठवडे दरवाजा लढवला होता. किल्ला पडला, जळाला. मग गावाने त्याचे दगड नेऊन गोठे आणि कुंपणे बांधली. तिच्या चेहऱ्याला मात्र कुणी हात लावला नाही.

किल्ल्याच्या सरकारी खात्याची अधिकारी लिनेद प्रॉसर याच गावची. तिने दुपारच्या आत निकाल लावून टाकला. दरवाजाच्या चाव्या दोघांकडेच होत्या. एक म्हातारा गवंडी इडवल, प्रार्थनामंदिराचा पंच. दुसरा रखवालदार एम्रिस. तरुणपणी नदीतले सामन मासे चोरताना सापडलेला. तिने एम्रिसला शनिवारपर्यंत किल्ल्याजवळची खोली सोडायला सांगितले.

गुरुवारी तिला राहवले नाही. सामनची चोरी पन्नास वर्षांपूर्वीची होती आणि या वयात एम्रिस जाणार कुठे? ती पुन्हा कमानीखाली गेली.

भोकात छिन्नीचा एकही घाव नव्हता. कडेचा मऊ दगड पापुद्रे सुटून झडला होता. भोवतालची दर्ज, म्हणजे दगडांमधली भरलेली सांध, राखाडी होती. तिने नख ओढले, ओरखडासुद्धा उठला नाही. चुना असता तर उठला असता.

ती उताराने खाली आली. शेताच्या कुंपणाची भिंत शनिवारी संध्याकाळी ढासळलेली तिने स्वतः पाहिली होती. सोमवारी सकाळी ती धड उभी होती. आज इडवल पुढच्या भागाचे काम करत होता. जवळ गवतात शेवाळलेला एक मोठा दगड पडला होता.

"इडवलकाका, हा दगड उरला कसा?"

"जास्त होता."

"पडलेली भिंत तिच्याच दगडांनी उभी करता ना? मग जास्त कुठून आला?"

"वय झालं पोरी, अंदाज चुकतो."

"तुमचा? आणि भिंत बांधली कधी? शनिवारी पडलेली होती, सोमवारी पुरी झाली. रविवार देवाचा म्हणून तुम्ही त्या दिवशी बागेतला कोबीसुद्धा तोडत नाही."

इडवलने टोपी काढली.

"हा दगड उरला, कारण त्याच्या जागी दुसरंच काहीतरी बसलंय," लिनेद म्हणाली. "तुम्ही चोरी केली नाहीत काका. चेहरा आपोआप पडला. गेल्या वर्षी कमानीच्या सांधी चुन्याने भरायच्या होत्या, तुम्ही सिमेंट भरलंत. आत मुरलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट राहिली नाही. थंडीत ते गोठलं आणि मऊ दगड फुटला. खरं ना?"

"चुन्यावर तीन आठवडे ओली गोणपाटं राखायची, वर पावसाची धास्ती." इडवल म्हणाला. "म्हटलं, कुणाला कळतंय? रविवारी प्रार्थनेनंतर सहज डोकावलो, तर ती खाली, दोन तुकडे होऊन. साडेतीनशे वर्षं आमच्या घराण्याने ह्या भिंती सांभाळल्या. गावात तोंड कसं दाखवणार होतो?"

"आणि एम्रिसकाका?"

"दोनदा गेलो त्याच्याकडे. सांगायलाच गेलो होतो. चहा-केक घेऊन परत आलो."

त्याने स्वतःच्या हातांनी भिंत उसवली. तिसऱ्या थरात, तोंड आत करून, तांग्विस होती.

दोघे एम्रिसच्या खोलीवर गेले. तो पुस्तके खोक्यात भरत होता. इडवलने दारातच सगळे सांगून टाकले. एम्रिसने त्याला खुर्ची दिली.

"बस मेल्या. भ्यालास, एवढंच. मीही भ्यायलो असतो. पण दोन वेळा माझा केक खाऊन गेलास, तो मात्र पचायचा नाही तुला."

लिनेदचे डोळे भरून आले. "एम्रिसकाका, माझं चुकलं. हुकूम आजच मागे घेते. तुम्ही इथेच राहा."

"ह्याने लपवलं, ते शरमेपोटी. तू शहाणीसुरती, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली. 'काका, तुम्ही घेतलात का?' एवढं विचारायला काय लागत होतं तुला?"

तिने खरेच विचारले नव्हते.

"शनिवारी बहिणीकडे जातोय मी," एम्रिस म्हणाला आणि पुढचे खोके उघडू लागला.